कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला : 'खुकरी'चा कप्तान

आपले नाशिक समुद्रापासून फारसे दूर नाही, पण समुद्राशी आपला परिचय मात्र बेताचाच आहे. सह्याद्री मध्ये उभा आहे आणि आपली गोदावरीसुद्धा त्र्यंबकेश्वरी उगम पावून जवळच्या पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवते व १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून पूर्वेच्या सागराला मिळते. सैन्य आपल्याला अपरिचित नाही. देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे, भोसला सैनिकी विद्यालय १९३७ पासून येथे आहे, ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तोफांचा आवाज आणि विमानांची घरघर ऐकत नाशिककरांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. परंतु नौदल आणि नाविक यांच्याविषयी आपल्याला विचारले, तर कान्होजी आंग्रे यांच्या नावानंतर आपण थबकतो. आपल्या गावच्या कुसुमाग्रजांनी कोलंबसाला कवितेत बोलके केले, ती कविता आपल्याला ठाऊक असते. पण आपल्याच देशाचा एक कप्तान आपल्याच अरबी समुद्रात, मुंबईहून निघालेल्या जहाजासह बुडाला, त्याचे आयुष्य आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल? या लेखात त्या कप्तानाची ओळख करून द्यावी, एवढाच हेतू आहे.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचा जन्म १५ मे १९२६ रोजी उत्तर प्रदेशातील गोरखपूर येथे झाला. मुल्ला या आडनावाने पुष्कळांचा गोंधळ होतो. हे घराणे काश्मिरी पंडितांचे. काश्मीर सोडून उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः लखनौच्या बाजूला स्थायिक झालेल्या पंडित घराण्यांत हे आडनाव आढळते. या घराण्यांनी फारसी आणि उर्दू आपलीशी केली, वकिली आणि न्यायदान या क्षेत्रांत नाव मिळवले. महेंद्रनाथांनाही उर्दू शायरीची गोडी होती. कायदा आणि कविता यांच्या वातावरणात वाढलेल्या आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर जन्मलेल्या या मुलाने समुद्राची नोकरी पत्करली, ही गोष्ट आपल्यासारख्या घाटमाथ्यावरच्यांना विशेष वाटावी अशी आहे.

त्यांनी नौदलात प्रवेश केला तो काळ मोठा खळबळीचा होता. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले होते. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर खलाशांचे बंड उफाळले आणि ते बघता बघता बंदरातील जहाजांवर व देशातील इतर नाविक ठाण्यांवर पसरले. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची अरेरावी आणि स्वातंत्र्याची आस अशी तिन्ही कारणे त्यामागे होती. खलाशाला माणूस म्हणून वागवले नाही तर काय होते, याचा धडा त्या बंडाने सर्वांना दिला. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आरमाराचीही वाटणी झाली. अशा विभागलेल्या, लहानशा नौदलात १ मे १९४८ रोजी मुल्ला अधिकारी झाले. स्वतंत्र भारताच्या नौदलाबरोबरच ही तरुण पिढी वाढली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढची तेवीस वर्षे त्यांनी नौदलात निरनिराळ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या. 'कृष्णा' या जहाजावर त्यांनी काम केले. 'राणा' या विनाशिकेचे ते प्रमुख होते. ही विनाशिका मूळची ब्रिटिश आरमाराची, स्वातंत्र्यानंतर भारताने घेतलेली. १९६५ ते १९६७ या काळात ते लंडनमध्ये भारतीय उच्चायुक्तालयात उपनौदल सल्लागार होते. मुंबईच्या 'आंग्रे' या नाविक तळावरही त्यांची नेमणूक झाली होती. ज्या कान्होजींचे नाव त्या तळाला दिले आहे, त्यांच्याच समुद्रावर आपली शेवटची लढाई व्हायची आहे, हे तेव्हा त्यांना कुठे ठाऊक होते!

येथे एक खुलासा करायला हवा. भूदलातला कॅप्टन म्हणजे पाच-सात वर्षे नोकरी झालेला तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन हा हुद्द्याने भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. मुल्ला हे असे ज्येष्ठ अधिकारी होते. १९७० च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे 'खुकरी' या जहाजाची सूत्रे आली आणि तिच्याबरोबर चौदाव्या फ्रिगेट पथकाचे नेतृत्वही आले. या पथकात 'खुकरी', 'किरपाण' आणि 'कुठार' अशी तीन भावंडे होती. तिघींची नावे शस्त्रांची आणि काम एकच, समुद्राखाली लपलेली पाणबुडी हुडकून काढणे व तिचा नाश करणे.

'खुकरी' इंग्लंडमधील काऊस येथे बांधली गेली. १९५६ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९५८ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ९४ मीटर, वजन सुमारे १,२०० टन. हे जहाज बांधताना काटकसरीचे धोरण होते. त्यामुळे तिला एकच पंखा होता, तोफा म्हणाल तर ४० मिलिमीटरच्या तीनच. तिचे खरे शस्त्र म्हणजे पाणबुडीवर स्फोटक गोळे फेकणाऱ्या दोन उखळी तोफा. परंतु या तोफांचा पल्ला जेमतेम ९०० मीटर. म्हणजे शत्रूची पाणबुडी एक किलोमीटरच्या आत सापडली, तरच हे शस्त्र कामाचे. उलट पाणबुडीतून सुटणारा पाणतीर कित्येक किलोमीटरवरून येऊ शकतो. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा हिशेब ध्यानात ठेवला पाहिजे.

जहाजाला पाणबुडी दिसत नाही, ती ऐकावी लागते. सोनार नावाचे यंत्र पाण्यात ध्वनीच्या लहरी सोडते आणि त्या एखाद्या वस्तूवर आपटून परत आल्या की त्यांवरून अंतर व दिशा कळते. पण आपला समुद्र उष्ण कटिबंधातला. वरचे पाणी उन्हाने तापलेले, खालचे थंड. या दोन थरांच्या सीमेवर ध्वनिलहरी वाकतात आणि खोल दडलेली पाणबुडी सोनारच्या कानाआड राहते. पाणबुडीला मात्र ही अडचण तितकी नडत नाही. ती खाली स्तब्ध राहून वरच्या जहाजांच्या पंख्यांचा आवाज दुरून टिपते. विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस आणि विहिरीच्या तळाशी अंधारात बसलेला माणूस, यांच्यात कोण कोणाला आधी पाहील? असाच हा सामना होता.

३ डिसेंबर १९७१ रोजी संध्याकाळी पाकिस्तानने भारताच्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. भारतीय नौदलाने सुरुवातीपासूनच आघाडी घेतली. पूर्वेकडे पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला करून 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिझ' ही सुरुंग काढणारी नौका बुडवली. ८ डिसेंबरच्या रात्री पुन्हा हल्ला झाला आणि कराचीजवळच्या केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. देशभर आनंद होता. पण याच काळात पाकिस्तानची दुसरी पाणबुडी 'हंगोर' गुजरातच्या किनाऱ्याजवळ दबा धरून होती. ती फ्रान्समध्ये बांधलेली, नवी आणि त्या काळच्या उत्तम पाणबुड्यांपैकी एक होती. तिचे प्रमुख होते कमांडर अहमद तस्नीम.

'हंगोर'ने केलेल्या बिनतारी संदेशांवरून दीवच्या परिसरात पाणबुडी असल्याचा सुगावा नौदलाला लागला. मुंबई बंदरातून ये-जा करणाऱ्या सर्वच जहाजांना तिचा धोका होता. तिला शोधण्याचे काम चौदाव्या पथकाकडे आले. पथकातील 'कुठार' बॉयलरच्या स्फोटामुळे आधीच निकामी झाली होती. म्हणून ८ डिसेंबरला 'खुकरी' आणि 'किरपाण' या दोघीच मुंबईहून निघाल्या. 'खुकरी'वर आणखी एक कामगिरी होती. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी तयार केलेल्या एका नव्या जोडयंत्राची चाचणी तिच्यावर चालू होती आणि ते यंत्र हाताळणारा तरुण अधिकारी जहाजावर होता. जहाजाचा वेग जितका कमी, तितका त्याच्या स्वतःच्या यंत्रांचा व पाण्याचा गोंगाट कमी आणि सोनार तितके अधिक चांगले ऐकते. म्हणून वेग कमी ठेवला होता. पण जे जहाज सावकाश चालते, ते पाणतीराला सोपे लक्ष्य ठरते. ऐकण्यासाठी हळू जायचे, की वाचण्यासाठी वेगाने? या पेचाचे सोपे उत्तर कोणाकडेच नव्हते. युद्धानंतर जाणकारांनी या निर्णयावर टीका केली आहे आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही. कप्तानाच्या शौर्याचे वर्णन करताना हा भाग झाकून ठेवणे म्हणजे त्याच्याबरोबर गेलेल्यांवर अन्याय करणे होय.

९ डिसेंबरची रात्र. दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर दोन्ही जहाजे गस्त घालीत होती. खाली 'हंगोर' त्यांचा मार्ग पाहत थांबली होती. आकाशवाणीच्या पावणेनऊच्या बातम्यांची वेळ झाली होती. घरापासून लांब असलेले खलाशी युद्धाच्या बातम्या ऐकायला उत्सुक असणार. 'हंगोर'ने पहिला पाणतीर 'किरपाण'वर सोडला, तो न फुटताच गेला. दुसरा 'खुकरी'वर सोडला आणि तो तिच्या तळाशी फुटला. पाठोपाठ आणखी स्फोट झाले. दिवे गेले, जहाज कलंडू लागले. डेकखाली, यंत्रघरात, झोपायच्या जागेत, स्वयंपाकघरात शेकडो माणसे होती आणि वर येण्याचे मार्ग अरुंद व अंधारलेले होते. बुडायला तास लागले असते तर बहुतेक जण वाचले असते. येथे हातात फक्त काही मिनिटे होती.

त्या मिनिटांत कॅप्टन मुल्ला यांनी काय केले, हे वाचलेल्या सहकाऱ्यांमुळे जगाला कळले. जहाज सोडून देण्याचा हुकूम त्यांनी दिला. ब्रिजवरच्या तरुण अधिकाऱ्यांना त्यांनी उडी मारायला लावली. जे घुटमळले, त्यांना स्वतः ढकलून पाण्यात लोटले. तराफे सोडायला सांगितले, खाली अडकलेल्यांना वर काढण्यासाठी माणसांना हाका दिल्या. स्वतःचे तरंगण्याचे जाकीट त्यांनी एका खलाशाला देऊन टाकले. त्यांनीही निघावे म्हणून सहकाऱ्यांनी आग्रह केला, तो त्यांनी मानला नाही. पाण्यात पडलेल्यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा कप्तान ब्रिजवरच्या आपल्या खुर्चीपाशी होते. मग जहाज पाण्याखाली गेले आणि त्याबरोबर तेही गेले. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. मागे पत्नी सुधा आणि दोन मुली होत्या.

'किरपाण'ने पाणबुडीवर प्रतिहल्ला केला. पण तिच्यावरही पाणतीर सुटला होता आणि तिला त्या जागेपासून दूर जावे लागले. पाण्यात राहिलेल्यांनी ती रात्र तेलाने काळ्या झालेल्या समुद्रात, तराफ्यांना धरून काढली. दुसऱ्या दिवशी 'कच्छल' या जहाजाने त्यांना वर घेतले. ६ अधिकारी आणि ६१ खलाशी वाचले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्या नव्या यंत्राची चाचणी घेणारा तरुण अधिकारीही परतला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात बुडवलेली ही पहिली युद्धनौका ठरली. 'हंगोर'चा अनेक दिवस शोध झाला, पण ती निसटून कराचीला पोहोचली. १६ डिसेंबरला ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. देशाला ऐतिहासिक विजय मिळाला. 'खुकरी'वरच्या १९४ जणांच्या घरी मात्र त्या विजयाबरोबर मृत्यूच्या वार्ता पोहोचल्या.

कॅप्टन मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. पुढे टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. दीवच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून 'खुकरी'चे स्मारक उभे आहे. काचेच्या पेटीत त्या जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. नौदलाने ते नाव लयाला जाऊ दिले नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी 'खुकरी' १९८९ मध्ये नौदलात दाखल झाली, बत्तीस वर्षे सेवा करून २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि मग तिला दीवलाच नेण्यात आले. जुनी 'खुकरी' ज्या समुद्राच्या तळाशी आहे, त्याच समुद्राच्या काठावर तिची वारस येऊन विसावली. तिकडे 'हंगोर'ही आता कराचीत संग्रहालयात ठेवलेली आहे. शिकारी आणि शिकार या दोघांच्याही आठवणी आज दोन देशांतील मुलांना दाखवल्या जातात.

कप्तानाने जहाजाबरोबर बुडावे काय, हा प्रश्न आपल्या मनात येतोच. वर्गात चर्चा निघाली तर दोन बाजू सहज पडतील. एक बाजू म्हणेल की अनुभवी अधिकारी घडवायला देशाला वीस-पंचवीस वर्षे लागतात. तो वाचला असता तर पुढे कामास आला असता, जे घडले त्याचा जाबही देऊ शकला असता. त्याच्या मुलींना वडील मिळाले असते. जहाज गेलेच होते, मग माणूस कशासाठी गमवायचा? हे म्हणणे खोटे नाही. दुसरी बाजू परंपरेचा दाखला देईल. परंतु परंपराही कप्तानाला मरायला सांगत नाही. त्याने सर्वांत शेवटी जहाज सोडावे, एवढेच ती सांगते. शेवटी सोडणे आणि मुळीच न सोडणे यांत फरक आहे.

मला वाटते, कॅप्टन मुल्ला यांच्या वर्तनाचे मर्म याच फरकात शोधले पाहिजे. शेवटी निघायचे म्हणजे आपल्या आधी सगळे निघालेले असले पाहिजेत. त्या रात्री ते कधीच घडणार नव्हते. डेकखाली माणसे होती आणि ती वर येऊ शकत नव्हती. जोपर्यंत एक जरी माणूस खाली आहे, तोपर्यंत कप्तानाची पाळी येत नाही, असा हिशेब त्यांनी मांडला असावा. त्या हिशेबाने त्यांची पाळी आलीच नाही. यात मरणाची हौस नव्हती, की पराभवाची लाज लपवण्याचा प्रयत्नही नव्हता. ज्याला आपल्या मरणाचे कौतुक हवे असते, तो आपले जाकीट दुसऱ्याच्या अंगावर चढवण्यात आणि पोरांना पाण्यात ढकलण्यात शेवटची मिनिटे घालवत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी, १९४६ साली, याच मुंबई बंदरात खलाशांनी अधिकाऱ्यांच्या वागणुकीविरुद्ध बंड केले होते. १९७१ साली त्याच बंदरातून निघालेल्या जहाजावर एका अधिकाऱ्याने खलाशाला स्वतःचा जीव देऊ केला. स्वतंत्र देशाच्या नौदलात काय बदलले, याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी दुसरा आढळला नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यापैकी फार थोडे नौदलात जातील. पण जबाबदारीची जागा प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते, कोणाला शाळेत, कोणाला कचेरीत, कोणाला घरात. चुका प्रत्येकाच्या हातून होतात आणि वरून आलेल्या आदेशांचे परिणामही भोगावे लागतात. अशा वेळी जबाबदार माणूस आधी कोणाकडे पाहतो, स्वतःकडे की आपल्या हाताखालच्यांकडे, यावर त्याची किंमत ठरते. कॅप्टन मुल्ला यांनी ती परीक्षा अंधारात, काही मिनिटांत दिली. आपल्याला बहुधा पुष्कळ वेळ आणि पुष्कळ उजेड मिळेल. तरीही ती परीक्षा सोपी जाईल, असे मानण्याचे कारण नाही.

सौराष्ट्राच्या सहलीत दीवला जाणे झाले, तर किल्ला पाहून परत फिरू नका. थोडे पुढे जाऊन 'खुकरी'च्या स्मारकापाशी थांबा. कप्तानाचे नाव आपल्याला आता ठाऊक आहे. पण त्याच्याबरोबर गेलेल्या १७ अधिकाऱ्यांना आणि १७६ खलाशांनाही तेथे आठवा. तेही कोणाचे तरी मुलगे, भाऊ, वडील होते. त्यांच्यासाठीच तर कप्तान मागे थांबला होता.